सिम्पसन कुटुंब आणि आमचे हस्तलिखित : प्रकल्प नोंदी

९ जून २०२४, वेंगुर्ले

आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखित दिवाळी अंकात यंदा ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेवर सोळा पानांची पुरवणी घालायचे आज पक्के झाले. कल्पना माझ्या पुतणीची. तिने ॲनिमेशनचे शिक्षण घेतले आहे, सध्या ती घरूनच काम करते, आणि पावसाळाभर आम्ही दोघी एकाच छपराखाली असल्यामुळे रविवारची दुपार या कामासाठी राखून ठेवता येईल. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि अंकाचे अक्षरलेखन बरीच वर्षे माझ्याकडे आहे. शेजारचे काका तरुणपणी दशावतारात संकासुराचे काम करत असत. तेही चहाच्या वेळी येऊन बसतो म्हणाले आहेत. इंग्रजी संवाद पुतणी त्यांना मालवणीत सांगत जाईल.

मालिकेची ओळख पहिल्या पानावर थोडक्यात द्यायची आहे. मॅट ग्रेनिंग या व्यंगचित्रकाराने हे कुटुंब प्रथम १९ एप्रिल १९८७ रोजी दुसऱ्या एका कार्यक्रमातल्या मिनिटभराच्या चित्रफितीत आणले, आणि १७ डिसेंबर १९८९ पासून त्याची अर्ध्या तासाची स्वतंत्र मालिका झाली. अणुविद्युत प्रकल्पात काम करणारा होमर, त्याची बायको मार्ज, दहा वर्षांचा बार्ट, आठ वर्षांची लिसा आणि अजून न बोलणारी तान्ही मॅगी, अशी ही पाच माणसे. साडेसातशेहून अधिक भाग होऊनही बार्ट अजून चौथीत आहे. यातून चाहत्यांनी असंख्य तर्क काढले आहेत, आणि पुरवणीचा विषय तेच तर्क आहेत.

आज एक नियम ठरवला. जो तर्क पडद्यावरच्या चित्रात बोट ठेवून दाखवता येईल, त्यालाच पान मिळेल. ऐकीव तर्काला मिळणार नाही. या नियमाने भविष्यवाणीचे सगळे तर्क बाहेर राहिले. १९ मार्च २००० रोजी दाखवलेल्या भागात ट्रम्प राष्ट्राध्यक्ष होऊन गेल्याचा उल्लेख आहे, हे खरे आहे. परंतु इतक्या वर्षांत इतक्या गोष्टी बोलून झाल्यावर त्यांतल्या काही खऱ्या ठरणारच, आणि त्या खऱ्या ठरल्याने त्या घरातल्या पाच माणसांविषयी आपल्याला नवे काहीच कळत नाही.

१६ जून २०२४

आजचा विषय स्प्रिंगफिल्ड नेमके कुठे आहे, हा. मालिकेने हे कधीच स्पष्ट सांगितलेले नाही, उलट चाहत्यांना चकवण्यासाठी मुद्दाम परस्परविरोधी खुणा पेरल्या आहेत. २००७ च्या चित्रपटात शेजारी नेड फ्लँडर्स डोंगरावर उभा राहून सांगतो की आपल्या राज्याला ओहायो, नेवाडा, मेन आणि केंटकी यांच्या सीमा लागतात. पुतणीने नकाशा उघडून चारही राज्यांवर पेन्सिलीने खूण केली. एक राज्य पार ईशान्येच्या टोकाला, दुसरे पश्चिमेला, आणि या चौघांना लागून असलेले राज्य अमेरिकेत असणेच शक्य नाही.

ग्रेनिंग स्वतः ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडचे. त्यांचे लहानपणीचे घर एव्हरग्रीन टेरेस नावाच्या रस्त्यावर होते आणि सिम्पसन कुटुंबाचा पत्ताही ७४२, एव्हरग्रीन टेरेस असाच आहे. फ्लँडर्स, लव्हजॉय, क्विम्बी, कर्नी ही पात्रांची नावेसुद्धा पोर्टलंडच्या रस्त्यांच्या पाट्यांवरून आली आहेत. २०१२ साली एका मुलाखतीत त्यांनी गावाचे नाव ओरेगनमधल्या स्प्रिंगफिल्डवरून घेतल्याचे सांगितले. मात्र हे नाव निवडण्यामागचा विचारही त्यांनी तिथेच सांगितला आहे, की या नावाची गावे अमेरिकेत ठिकठिकाणी असल्यामुळे प्रत्येकाला ते आपल्याच शेजारचे वाटेल.

हा मुद्दा इथल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. कणकवलीच्या वाटेवर नांदगाव आहे, मुरूडजवळ नांदगाव आहे, नाशिक जिल्ह्यात नांदगाव आहे. नुसते ‘नांदगावचा’ म्हटले तर ऐकणारा आपल्या माहितीतले गाव धरतो आणि ते त्याला बरोबरच वाटते. पानाचे नाव ‘नांदगाव नेमके कुठले?’ असे ठेवले.

३० जून २०२४

गेल्या रविवारी पुतणीचे काम अडल्याने बैठक झाली नाही. आज क्रस्टी या विदूषकाचा तर्क घेतला: क्रस्टी आणि होमर यांचे चेहरे एकच आहेत. हा तर्क तपासायला अवघी दहा मिनिटे लागली. दोघांची चित्रे एकाच मापात काढून क्रस्टीचे पांढरे तोंड, लाल नाक आणि कानांजवळचे केसांचे झुपके मी ट्रेसिंग पेपरवर वेगळे उतरवले. ट्रेसिंग पेपर उचलला की खाली होमर उरतो. ग्रेनिंग यांनीही सांगितले आहे की सुरुवातीला क्रस्टी हे होमरचेच गुपित रूप असावे, असा त्यांचा विचार होता. पुढे तो सोडून दिला. जो मुलगा बापाला जराही किंमत देत नाही, तोच बापाच्या चेहऱ्याच्या विदूषकावर जीव टाकतो, ही कल्पना सोडून दिल्यावरही चित्रात तशीच राहिली आहे. काकांना हे फार आवडले. रंग पुसल्यावर स्वतःची मुले आपल्याला ओळखत नसत, असे ते म्हणाले.

पान तयार आहे. ट्रेसिंग पेपर वरच्या कडेला चिकटवून उचलता येईल असा ठेवला आहे.

७ जुलै २०२४

आजची नोंद लांबणार आहे, कारण आजचा तर्क सर्वांत प्रसिद्ध आहे आणि त्यावरून आमच्यात पहिल्यांदा मतभेद झाला.

१ एप्रिल १९९३ रोजी दाखवलेल्या भागात बार्टने चेष्टेने रंग ढवळण्याच्या यंत्रात हलवून ठेवलेला बिअरचा डबा होमरच्या हातात फुटतो आणि होमर रुग्णालयात बेशुद्ध पडतो. त्या भागाच्या शेवटी तो शुद्धीवर येतो. परंतु २०१५ च्या सुमारास इंटरनेटवर एक तर्क पसरला की होमर शुद्धीवर आलाच नाही, आणि त्यानंतरचे सर्व भाग हे खाटेवर पडलेल्या होमरचे स्वप्न आहे. म्हणूनच त्यानंतर मालिकेत नामांकित माणसांची ये-जा वाढली, कथानके अधिकाधिक अचाट झाली, आणि कुणाचे वय वाढेनासे झाले, कारण होमरच्या मनात मुले अपघाताच्या दिवशी होती तेवढीच राहिली.

या तर्काचे बळ एका तारखेत आहे आणि ते मान्य केले पाहिजे. ८ ऑक्टोबर १९९२ च्या भागात होमर चर्चला जाणे सोडतो आणि स्वप्नात देवाशी बोलतो. शेवटी तो जगण्याचा अर्थ विचारतो, तेव्हा देव सांगतो की मेल्यावर कळेल. होमर म्हणतो, इतका वेळ थांबवणार नाही. त्यावर देव विचारतो की सहा महिनेसुद्धा थांबवत नाही का. ८ ऑक्टोबरपासून १ एप्रिलपर्यंत मोजले तर सहा महिन्यांना फक्त एक आठवडा कमी भरतो. पुतणीने हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजून दाखवले तेव्हा काकांनी चहाची बशी खाली ठेवली. त्याच दृश्यात आणखी एक गोष्ट दिसते. मालिकेतल्या सर्व माणसांच्या हाताला चार बोटे आहेत, आणि देवाच्या हाताला पाच. मी ते चित्र थांबवून बोटे मोजली. चार बोटांचा हात काढायला सोपा आणि लवकर काढून होतो म्हणून ॲनिमेशनमध्ये ती पद्धत फार जुनी आहे, परंतु देवाचा हात काढताना चित्रकाराने पाचवे बोट आठवणीने काढले, याचा मला चित्रकलेची शिक्षिका म्हणून विलक्षण आनंद झाला.

तरीही स्वप्नाचा तर्क मला मान्य नाही. मालिकेचे बराच काळ प्रमुख राहिलेले अल जीन यांनी तो खरा नसल्याचे सांगितले आहे, पण माझा आक्षेप त्यांच्या सांगण्यावर उभा नाही. हे सगळे होमरचे स्वप्न असेल तर ज्या खोलीत होमर नाही त्या खोलीत घडणाऱ्या गोष्टी कुणी पाहिल्या? आपला आत्मा पाच डॉलरला विकून बसलेला बार्ट रात्री एकटाच गावभर तो शोधत फिरतो आणि शेवटी गुडघे टेकून प्रार्थना करतो, तो भाग ८ ऑक्टोबर १९९५ चा आहे. मुलाच्या मनातली ती भीती होमरला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेली गोष्ट त्याच्या स्वप्नात इतक्या बारकाव्यांनी येणार नाही. शिवाय हा तर्क एकदा मान्य केला की पुढचे काही नीट पाहायलाच नको. जे खटकेल त्याला ‘स्वप्न आहे’ एवढे उत्तर पुरते. तर्काने आपल्याला पुन्हा चित्राकडे नेले पाहिजे, आणि हा तर्क चित्रापासून दूर नेतो.

पुतणी म्हणाली, “आत्या, तुला तो पटत नाही कारण तुला तो नको आहे.” यात तथ्य आहे, ते मी लिहून ठेवते. १९९३ नंतरचे सर्व भाग स्वप्न मानले, तर २२ जानेवारी १९९५ चा भागही स्वप्न ठरतो, आणि तो भाग हातचा सोडायला मी तयार नाही. त्याविषयी स्वतंत्र बैठक घेऊ.

ठराव: तर्काला दोन पाने. डावीकडे पुतणीची बाजू कॅलेंडरसह, उजवीकडे माझी.

१४ जुलै २०२४

दुपारपासून वीज नाही. लॅपटॉप अर्ध्या तासात बंद पडला. किरकोळ गोष्टींचे चौकोन हाताने लिहून घेतले: कातडीचा रंग पिवळा ठेवण्यामागे चॅनेल बदलणाऱ्याची नजर खिळावी हा हेतू होता, होमर, मार्ज, लिसा आणि मॅगी ही ग्रेनिंग यांच्याच घरातली नावे आहेत, सुरुवातीच्या शीर्षकदृश्यात दुकानातल्या यंत्रावरून मॅगी चुकून सरकते तेव्हा उमटणारा ८४७.६३ डॉलरचा आकडा हा त्या काळी तान्हे मूल सांभाळण्याचा महिन्याचा खर्च होता.

२१ जुलै २०२४

आज गुरुपौर्णिमा. सकाळी दोन जुन्या विद्यार्थिनी अनंताची फुले घेऊन आल्या होत्या. ती फुले टेबलावर असतानाच आम्ही २५ एप्रिल १९९१ चा भाग पाहिला, हा योगायोग मी जुळवून आणलेला नाही. यादीत त्याचाच क्रमांक होता.

लिसाच्या वर्गावर काही दिवसांसाठी बर्गस्ट्रॉम नावाचे बदली शिक्षक येतात. त्यांना डस्टिन हॉफमन यांनी आवाज दिला आहे, मात्र श्रेयनामावलीत टोपणनाव आहे. ते जाण्याची वेळ येते तेव्हा लिसा रेल्वे फलाटावर धावत पोहोचते, तिला आता एकटे वाटेल असे सांगते, आणि ते तिला एक चिठ्ठी देतात. असे एकटे वाटेल तेव्हा एवढेच लक्षात ठेव, असे म्हणून ते गाडीत चढतात. चिठ्ठीत तू लिसा सिम्पसन आहेस, इतकेच लिहिलेले आहे. मुलाच्या वहीवर शिक्षकाने शेरा लिहायचा तो कसा, याचा यापेक्षा चांगला धडा मला कुठल्याही प्रशिक्षणात मिळाला नाही. ‘उत्तम’, ‘छान’, ‘प्रगती आहे’ हे शेरे कुणाच्याही वहीवर चालतात. त्या चिठ्ठीतले वाक्य वर्गातल्या दुसऱ्या कुणाला देता आले नसते. सर्वोत्तम भागांच्या माझ्या यादीत हा भाग दुसरा आहे.

नंतर वयाचा प्रश्न निघाला. ३१ जानेवारी १९९१ च्या भागात होमर आणि मार्ज १९७४ साली शाळेच्या शेवटच्या वर्षात भेटतात. २७ जानेवारी २००८ च्या भागात मात्र तेच दोघे १९९० च्या दशकात तरुण आहेत. मुलांची वये तीच राहिल्यामुळे आईबापांचे तारुण्य वर्षागणिक पुढे सरकवावे लागते. पुतणीच्या मते यातला एकच भूतकाळ खरा धरला पाहिजे, नाहीतर कशालाच अर्थ राहत नाही. चाहत्यांमध्येही यावर फार वाद आहे.

काका इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “आमच्या संकासुराचा वय तरी खय वाढता?”

आम्ही दोघी त्यांच्याकडे पाहत राहिलो. मग त्यांनी सविस्तर सांगितले, ते मी मराठीत उतरवते. संकासुर वेद पळवतो, भटजीशी हुज्जत घालतो, लोकांना पोट धरून हसवतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावच्या जत्रेत तो पुन्हा उभा राहतो, आणि काल मेला होता तो आज कसा आला, असे कुणी विचारत नाही. संहिता लिहिलेली नसते. बोलणे ज्याने त्याने उभ्या उभ्या करायचे असते. त्यामुळे गावातल्या यंदाच्या गोष्टी, नवा पूल, पडलेले भाव, हे सारे संकासुराच्या तोंडी येते. संकासुर तोच राहतो, त्याच्या भोवतालचे वर्ष बदलते. काकांनी ही भूमिका तिशीत केली आणि पन्नाशीतही केली, पण पन्नाशीत त्यांचा संकासुर म्हातारा झाला नव्हता. म्हातारे ते स्वतः झाले होते.

मालिकेतल्या सरकत्या काळाचे याहून नेमके विवेचन माझ्या वाचनात नाही. पुतणीने तिचे जुने पान फाडले आणि काकांच्या नावाने नवे पान मांडले. दशावताराचा आणि स्प्रिंगफिल्डचा एकमेकांशी कसलाही संबंध नाही, हे त्या पानावर स्पष्ट लिहायचे आहे. दोन्हीकडे प्रेक्षक एकाच समजुतीने बसतो, एवढेच म्हणायचे आहे.

४ ऑगस्ट २०२४

चाहत्यांच्या तर्कशक्तीला मालिकेने स्वतः आव्हान दिले ते एकदाच, ‘मिस्टर बर्न्सना गोळी कोणी मारली’ या दोन भागांत. पहिला भाग २१ मे १९९५ रोजी आला आणि उत्तर १७ सप्टेंबरला मिळाले. मधला संपूर्ण उन्हाळा लोक टेप पुढेमागे करत चित्रे तपासत होते. अणुविद्युत प्रकल्पाचा मालक बर्न्स गोळी लागल्यावर सूर्यघड्याळावर कोसळतो आणि त्याचे हात दोन इंग्रजी अक्षरांवर पडतात, डब्ल्यू आणि एस. त्याचा सहायक वेलन स्मिदर्स याची ही आद्याक्षरे, म्हणून बहुतेकांची नजर तिकडे वळली. परंतु बर्न्स जिथून पाहत होता तिथून डब्ल्यू उलटा दिसतो, म्हणजे ते अक्षर एम होते, आणि उत्तर मॅगी सिम्पसन होते. बर्न्सने तिच्या हातातला लॉलीपॉप ओढला आणि झटापटीत पिस्तूल उडाले.

पुतणीने पान उलटे धरून वाचायची सूचना छापण्याचे सुचवले. देवनागरीत असे उलटून दुसरे होणारे अक्षर सापडते का, हे मी तासभर पाहिले. सापडले नाही, शिरोरेखा खाली गेली की अक्षराचा तोलच जातो. ती इंग्रजी अक्षरे चित्र म्हणून काढली आहेत.

११ ऑगस्ट २०२४

आवडत्या भागांची मते घेतली. पुतणीची पसंती ४ मे १९९७ च्या फ्रँक ग्राइम्सच्या भागाला आहे. कष्टाने वर आलेला, नियमाने वागणारा हा माणूस होमरच्या शेजारी कामाला लागतो आणि इतक्या निष्काळजी माणसाचे सगळे सुरळीत कसे चालते हे पाहून संतापाने वेडा होतो. होमरची नक्कल करत उघड्या विजेच्या तारांना हात लावतो आणि मरतो. चाहते म्हणतात की ग्राइम्स हा आपल्या जगातला माणूस चुकून व्यंगचित्रात शिरला आहे. पुतणीच्या मते मालिकेने स्वतःविषयी बोललेले सर्वांत धीट वाक्य म्हणजे हा भाग. मला तो थोर वाटतो, परंतु प्रिय वाटत नाही. अंत्यविधीत सर्वजण हसतात तिथे माझे मन बंद होते. काकांचे मत १९ नोव्हेंबर १९९५ च्या भागाला पडले. त्यात होमरची मेली असे समजलेली आई परत येते आणि पुन्हा पळून जाते, आणि शेवटची नामावली सरकत असताना होमर मोटारीवर बसून गुपचूप आकाशातले तारे पाहतो. तिथे कुणी एक शब्द बोलत नाही. शब्दांवर जन्म काढलेल्या माणसाने तो भाग निवडावा, हे मला लक्षात ठेवण्यासारखे वाटले.

२५ ऑगस्ट २०२४

आता २२ जानेवारी १९९५ चा भाग, ‘अँड मॅगी मेक्स थ्री’.

घरातल्या फोटोंच्या वहीत मॅगीचा एकही फोटो का नाही, असे मुले विचारतात आणि होमर गोष्ट सांगतो. कर्ज फेडून झाल्यावर त्याने अणुविद्युत प्रकल्पातली नावडती नोकरी मोठ्या दिमाखात सोडली होती आणि बोलिंगच्या खेळघरात त्याला मनासारखे काम मिळाले होते. मग मॅगीची चाहूल लागली, त्या पगारात भागेना, आणि त्याला परत जावे लागले. याचकांसाठी असलेल्या बुटक्या दारातून तो रांगत बर्न्सपुढे जातो. बर्न्स त्याच्या टेबलासमोर एक पाटी ठोकतो, की तू इथे कायमचा आहेस हे विसरू नकोस. पुढे मॅगी जन्मते. शेवटी मुलांना उत्तर मिळते: तिचे फोटो जिथे उमेदीची सर्वांत जास्त गरज आहे तिथे आहेत. होमरने ते त्या पाटीवर असे चिकटवले आहेत की मधली अक्षरे झाकली जातात आणि उरलेल्या अक्षरांतून ‘तिच्यासाठी कर’ अशा अर्थाचे वाक्य तयार होते.

हे कुणी बोलून दाखवत नाही. पडद्यावर ती पाटी दोनदा दिसते, एकदा फोटोंविना आणि एकदा फोटोंसह, आणि बाकीचे काम बघणाऱ्याचे डोळे करतात. म्हणून तो भाग स्वप्न मानायला मी तयार नव्हते.

आमच्या घराला या भागात काहीतरी ओळखीचे सापडते, हेही इथे नोंदवते. माझा भाऊ, म्हणजे पुतणीचा बाप, २००० साली मुंबईच्या कारखान्यातली नोकरी सोडून इथे आला होता आणि त्याने बाजारात पाट्या रंगवण्याचे दुकान काढले होते. दोन वर्षे ते चालले. २००२ साली पुतणी झाली, आणि त्याच पावसाळ्यानंतर तो कारखान्यात परत गेला.

पुतणीने सुचवले की पुरवणीच्या मुखपृष्ठावर ती पाटी मराठीत करायची. भाषांतर करून चालणार नाही. झाकल्यावर दुसरे वाक्य उरेल असे मराठी वाक्यच शोधावे लागेल. ‘विसरू नकोस, तू इथे कायमचा आहेस’ यातली अक्षरे आम्ही सगळ्या प्रकारे झाकून पाहिली, पण काहीच हाती लागले नाही. मग उलट्या बाजूने निघालो. शेवटी ‘लेकीसाठी’ उरले पाहिजे, असे धरून ‘ले’, ‘की’ आणि ‘साठी’ या क्रमाने ज्यात येतील असे शब्द काढले. ‘साठी’ म्हणजे निवृत्तीचे वय, हे पुतणीच्या ध्यानात आले तेव्हा आम्ही दोघी जागच्या उठलो. रात्रीपर्यंत वाक्य बसले: ‘इथे लागलेला नक्की साठीलाच सुटतो.’

यात एकच अडचण आहे. ‘नक्की’मध्ये अर्धा ‘क’ पूर्ण ‘की’ला चिकटून आहे. फोटोची कड नेमकी त्या दोघांच्या मधून न्यावी लागते, आणि कितीही जपले तरी अर्ध्या ‘क’चा ठिपका बाहेर डोकावतो.

१ सप्टेंबर २०२४

काकांना वाक्य वाचून दाखवले. त्यांनी दोनदा म्हणून पाहिले आणि म्हणाले, “बाई, ‘नक्की’ कित्याक? ‘बाकी’ म्हणा मा.”

इथे लागलेला बाकी साठीलाच सुटतो. बोलण्याच्या ओघातही ते जास्त बसते, आणि ‘बा’ स्वतंत्र अक्षर असल्यामुळे सरळ झाकता येते. संहितेशिवाय आयुष्यभर बोललेल्या माणसाच्या कानाला जे लगेच कळले, ते आम्हाला आठवडाभर डोळ्यांनी सापडले नव्हते.

पाटी कार्डशीटवर केली. करड्या रंगाची जमीन, काळी अक्षरे, जाड ब्रशची सरळ रेघ, शोभेचे वळण कुठेही नाही. वाक्य तीन ओळींत मोडले आहे. पहिल्या ओळीत ‘इथे लागलेला’, दुसरीत ‘बाकी साठीलाच’, तिसरीत ‘सुटतो’. झाकायच्या जागा पाच: ‘इथे लाग’, ‘ले’नंतरचा ‘ला’, ‘बा’, ‘साठी’नंतरचा ‘लाच’, आणि तिसरी ओळ संपूर्ण. पुतणीचे लहानपणीचे फोटो कपाटातून काढून त्या त्या मापाचे वेगळे केले. तिसऱ्या ओळीसाठी आडवा फोटो हवा होता. बंदरावरच्या वाळूत ती पालथी पडून शिंपले वेचते आहे, तो नेमका बसला. फोटो अजून चिकटवलेले नाहीत, टाचण्यांनी लावले आहेत.

९ सप्टेंबर २०२४

परवा गणपती बसले. भाऊ आदल्या दिवशी पहाटे मुंबईहून आला. पाहुणे आणि आरत्या यांतून काल रात्री उशिरा वेळ मिळाला, तेव्हा पुतणीने त्याला तो भाग दाखवला. त्याने तो पूर्ण पाहिला आणि काही बोलला नाही. बुटक्या दाराचे दृश्य आले तेव्हा त्याने पायांची घडी सोडून बैठक बदलली, एवढे मी पाहिले.

आज सकाळी तो माझ्या टेबलाजवळ आला. टाचण्या काढलेली पाटी तिथे होती. त्याने वाक्य मोठ्याने वाचले आणि म्हणाला, “खरे आहे, ताई. मला अजून चार वर्षे आहेत.” मग त्याने अक्षरे जवळून पाहिली. ‘ला’चा काना प्रत्येक ठिकाणी एकाच जाडीचा आला आहे, हे त्याने ओळखले. त्याचे दुकान बंद होऊन बावीस वर्षे झाली, तरी त्याची नजर आधी काना आणि मग शिरोरेखा अशीच फिरते.

पुतणी फोटो घेऊन आली आणि एकेक जागेवर ठेवू लागली. ‘इथे लाग’ गेले. मधला ‘ला’ गेला. ‘बा’ गेला. ‘लाच’वर शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो ठेवला, तिसरी ओळ शिंपल्यांच्या फोटोने झाकली, आणि पाटीवर फक्त ‘लेकीसाठी’ उरले. भाऊ पाटीकडे बराच वेळ पाहत होता. नंतर त्याने डिंकाची बाटली मागून घेतली.

“हा फोटो डावीकडे फार आला आहे,” तो म्हणाला. शाळेच्या पहिल्या दिवसाच्या फोटोचा कोपरा ‘ठी’च्या वेलांटीवर गेला होता. वरची वेलांटी झाकली की ‘ठी’चा ‘ठा’ होतो आणि पाटीवर ‘लेकीसाठा’ असे वाचले जाते. माझ्या आणि पुतणीच्या ते नजरेतून सुटले होते. त्याने फोटो अर्धे बोट उजवीकडे सरकवला, वेलांटीचे टोक पूर्ण मोकळे झाल्याची खात्री केली, आणि चारही कोपऱ्यांना डिंक लावून तो तळहाताने दाबून धरला.